रॅममुळे कॉम्प्युटर सारखा क्रॅश होतोय? दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची पद्धत

कॉम्प्युटर वरचेवर निळा स्क्रीन दाखवून बंद पडू लागला की बहुतेक जण आधी विंडोज नव्याने टाकायला घेतात. दोष रॅममध्ये असेल तर याहून चुकीचं पाऊल नाही. इन्स्टॉल होताना विंडोजची प्रत्येक फाइल रॅममधूनच डिस्कवर जाते. त्या वाटेत एखादा बिट (० किंवा १ असा माहितीचा सगळ्यांत लहान तुकडा) उलटला, तर नवी विंडोज पहिल्या दिवसापासून बिघडलेली असते. मग क्रॅश जुन्या दोषामुळे होतोय की नव्याने बिघडलेल्या फाइलमुळे, हे ओळखणं आणखी अवघड होऊन बसतं.

रॅमचा दोष शोधणं तसं अवघड नाही, पण त्याला क्रम लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तपासायची, लिहून ठेवायची आणि मगच पुढची गोष्ट हातात घ्यायची. रॅमची स्टिक (पट्टी) काढून बसवली, बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि ड्रायव्हरही बदलला, असं सगळं एका बैठकीत केलं आणि क्रॅश थांबले, तर कशाने थांबले हे कधीच कळत नाही. महिन्याभराने ते पुन्हा सुरू झाले की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी डेटा सुरक्षित करा

क्रॅश दिसतो तरी. खराब रॅमचं खरं नुकसान दिसत नाही. फोटो कॉपी करताना, झिप बनवताना, हिशेबाची फाइल सेव्ह करताना एखादा बिट चुकतो आणि चुकीचीच फाइल डिस्कवर लिहिली जाते. कुठलाही इशारा येत नाही.

त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर बंद करा (ही काय भानगड आहे ते पुढे येईलच) आणि मग महत्त्वाच्या फाइल्स वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. जुना बॅकअप असेल तर त्यावर नवा लिहू नका. जुनी प्रत चांगली असण्याची शक्यता जास्त आहे, ती तशीच राहू द्या. फाइल्स कट-पेस्टही करू नका, कॉपीच करा. दोष सापडेपर्यंत विंडोजचे मोठे अपडेट, पार्टिशनचा आकार बदलणं आणि डीफ्रॅग हे सगळं थांबवा.

आणखी एक गोष्ट, आणि ती बायोसला हात लावण्याआधीच करा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवा. बायोसमधल्या सेटिंग बदलल्या किंवा सिक्युअर बूट बंद केलं की बिटलॉकर पुढच्या वेळी ती ४८ अंकी की मागू शकतो. ती हाताशी नसेल तर तुमच्याच डिस्कचं दार तुम्हाला बंद होतं.

मेमरी कमी पडतेय की चुकतेय?

या दोन तक्रारी अगदी वेगळ्या आहेत. मेमरी कमी पडते तेव्हा कॉम्प्युटर आधी मंदावतो, डिस्क सतत चालू राहते, प्रोग्रॅम एकेक करून बंद पडतात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ‘कमिटेड’चा आकडा मर्यादेला टेकलेला दिसतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ या नावाने २००४ क्रमांकाची नोंद सापडते आणि कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खात होता हेही तिथेच लिहिलेलं असतं. इलाज सोपा आहे. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची फाइल) बंद केली असेल तर चालू करा आणि जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम हटवा किंवा अपडेट करा. रॅम तपासत बसायची गरज नाही.

अर्ध्याहून जास्त रॅम मोकळी असताना क्रॅश होत असतील, तर मात्र मेमरी चुकत असल्याचा संशय घ्या.

लक्षणं कशी वाचायची

स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. गेल्या काही आठवड्यांतला प्रत्येक क्रॅश तारखेनुसार समोर येतो. त्यात आणि निळ्या स्क्रीनवर पाहायचं ते एवढंच, की दरवेळी तोच कोड आणि तोच ड्रायव्हर येतोय, की प्रत्येक वेळी नवं काहीतरी?

तोच ड्रायव्हर पुन्हापुन्हा दिसत असेल, समजा ग्राफिक्स कार्डाचा किंवा वायफायचा, तर आधी तो ड्रायव्हर बदलून पाहा. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, आणि मध्येच ब्राउझरचा टॅब किंवा गेम कारण न देता बंद, असं चित्र असेल तर दोष हार्डवेअरमध्ये असण्याची शक्यता बरीच वाढते. बिघडलेला बिट कोणत्या प्रोग्रॅमच्या वाट्याला येईल हे ठरलेलं नसतं, म्हणून लक्षणंही दरवेळी बदलतात.

इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून बरेच जण थेट पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ही नोंद फक्त इतकंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती. कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) शून्य असेल, तर निळा स्क्रीन नोंदवण्याइतकाही वेळ मिळाला नाही. म्हणजे वीज अचानक गेली, मशीन जागच्या जागी गोठली किंवा कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं.

सगळ्यांत बोलकी लक्षणं क्रॅशबाहेरची असतात. डाउनलोड केलेली झिप उघडताना ‘सीआरसी एरर’ येते आणि तीच फाइल रिस्टार्टनंतर बिनबोभाट उघडते. लिनक्सवर मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना कंपायलर मध्येच कोसळतो आणि तीच कमांड पुन्हा दिली की पुढे जातो, पण दुसऱ्याच फाइलवर अडकतो. सॉफ्टवेअरचा दोष सहसा असा जागा बदलत नाही.

शंका पडताळायला घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. चार-पाच जीबीची, मोकळ्या रॅममध्ये मावेल अशी एक फाइल घ्या. ७-झिपच्या राइट क्लिक मेनूतून तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिच्या बोटांच्या ठशासारखा क्रमांक) काढा, लिहून घ्या आणि हेच लागोपाठ दहा वेळा करा. फाइल बदललेली नाही, म्हणजे दहाही हॅश अक्षरन् अक्षर सारखेच यायला हवेत. पहिल्या वेळेनंतर फाइल बहुधा डिस्कवरून वाचलीच जात नाही, रॅममधल्या कॅशमधून येते, त्यामुळे परीक्षा मुख्यतः रॅमची आणि प्रोसेसरची होते. दरवेळी वेगळा हॅश आला तर दोघांपैकी कुणीतरी चुकतंय. हॅश ठरलेला येतोय पण रिस्टार्टनंतर बदलतोय, तर कॅशमध्ये बसलेली प्रतच चुकीची होती. मात्र दहाही सारखे आले म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, कारण ही चाचणी रॅमच्या लहानशा भागालाच शिवते.

बायोस मूळ स्थितीत आणा

रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग हा बहुतेकदा तिचा मूळ वेग नसतो. जेईडीईसी या संस्थेने ठरवलेल्या मानकानुसार डीडीआर४ रॅम १.२ व्होल्टवर आणि जास्तीत जास्त ३२०० वेगाने चालते. पाकिटावर ३६०० लिहिलेलं असेल तर तो ओव्हरक्लॉक आहे आणि त्यासाठी साधारण १.३५ व्होल्ट दिले जातात. डीडीआर५चं मूळ व्होल्टेज १.१ आहे. हा वाढीव वेग एका क्लिकवर लावणारी सोय म्हणजे इंटेलची एक्सएमपी आणि एएमडीने २०२२ मध्ये आणलेली एक्स्पो.

रॅम कंपनीने तो वेग तपासलेला असतो, पण तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि तुमचा मदरबोर्ड तो पेलतीलच याची हमी त्यात नसते. हे हवेतलं बोलणं वाटत असेल तर एकच आकडा पाहा. रायझन ७००० प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे, तर चार स्टिकना फक्त ३६००. ज्यांनी ६००० वेगाच्या चार स्टिक बसवून एक्स्पो चालू केलं आहे, त्यांची स्टिक खराब आहे असं मानायच्या आधी हा आकडा आठवावा.

तर बायोसमध्ये ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ निवडा आणि प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक (वेग वाढवणं) किंवा अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी करणं) केलेलं असेल तर तेही काढा. अंडरव्होल्टचा बहुतेकांना विसर पडतो. मशीन बायोसपर्यंतच पोचत नसेल, तर पॉवर केबल काढून मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जंपरने सीमॉस (बायोसच्या सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर करा. डीडीआर५ असेल तर त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. घाबरून मध्येच बटण दाबू नका.

आता आधी जितक्या वेळात क्रॅश व्हायचा, त्याच्या तिप्पट वेळ मशीन नेहमीसारखी वापरा. क्रॅश थांबले तर स्टिक बहुधा ठीक आहेत आणि प्रश्न वाढीव वेगाचा आहे.

खरी तपासणी

विंडोजसोबत येणारं मेमरी डायग्नॉस्टिक फारसं कडक नाही. त्यात दोष निघाला तर तो खरा समजा, पण ते पास झालं यावर विसंबू नका. पेनड्राइव्हवरून सुरू होणारं मेमटेस्ट८६ किंवा मुक्त-स्रोत मेमटेस्ट८६+ वापरा. दोन्ही वेगवेगळे प्रोग्रॅम आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. विंडोज चालू नसल्यामुळे ते जवळजवळ सगळी रॅम तपासू शकतात. मेमटेस्ट८६च्या मोफत आवृत्तीत एका वेळी चार फेऱ्या होतात. ३२ जीबी रॅमला त्यासाठी कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा.

किती चुका चालतील, या प्रश्नाचं उत्तर शून्य. अंतराळातल्या किरणांमुळे बिट उलटतात ही गोष्ट खरी आहे, पण रात्रभरात तुमच्याच चाचणीत ते घडलं असं समजून सोडून देणं महागात पडतं. गूगलच्या सर्व्हरवरच्या रॅमचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे. त्यात चुकांमागे योगायोगापेक्षा हार्डवेअरमधले कायमचे दोषच जास्त दिसले. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. मेमटेस्ट८६ची १३ क्रमांकाची हॅमर चाचणी रॅममधल्या ठरावीक ओळींवर मुद्दाम मारा करून शेजारच्या ओळीतले बिट हलतात का ते पाहते. फक्त याच चाचणीत मोजक्या चुका आल्या आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर रोजच्या वापरात त्याचा त्रास होण्याची शक्यता कमी असते.

चूक आली की स्क्रीनचा फोटो काढा. त्यात पत्ता, अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्ष मूल्य असे रकाने असतात. अपेक्षित ०००००००० आणि प्रत्यक्ष ००००४०००, म्हणजे एकच बिट उलटला. दर फेरीत तोच पत्ता आणि तोच बिट येत असेल तर चिपमधला एखादा कप्पाच मेलेला आहे, ही स्टिक बदलावीच लागेल. पत्ते बदलतात पण बिट तोच राहतो, तेव्हा मला आधी संपर्काचा संशय येतो, म्हणजे स्टिकच्या सोनेरी पट्ट्या, स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन. पत्ते आणि बिट दोन्ही विखुरलेले असतील तर वेग, व्होल्टेज किंवा मेमरी कंट्रोलरकडे पाहा. हे नियम पक्के नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

एकेक स्टिक, एकेक स्लॉट

मशीन बंद करा, पॉवर केबल काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावून मगच स्टिकला हात लावा. स्टिक कडांना धरा.

दोनच स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी बसवलेल्या स्टिक हे क्रॅशचं नेहमी आढळणारं कारण आहे, आणि ते निस्तरायला एक पैसाही लागत नाही. बसवताना दोन्ही टोकांना सारखा दाब द्या आणि खटक्याचा आवाज ऐका. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, तिथे दुसरं टोक अर्धवट वर राहिलेलं चटकन लक्षात येत नाही.

पट्ट्या रबराने घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो आणि सोन्याचा पातळ थर झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळल्यावर बसवा.

आता पहिली स्टिक एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून तपासा. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी स्टिक. चुका एकाच स्टिकसोबत येत असतील तर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्येही तपासून खात्री करा, आणि निकाल लागला. कोणतीही स्टिक बसवली तरी एका विशिष्ट स्लॉटमध्येच चुका येत असतील तर स्टिकना सोडा. बोर्ड, सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा प्रोसेसरवर वेडावाकडा दाबला गेलेला कूलर तपासा. एकेकट्या स्टिक स्वच्छ आणि एकत्र आल्या की चुका, हे चित्र वेगवेगळ्या पाकिटांतून घेतलेल्या स्टिकमध्ये हमखास दिसतं. मॉडेल क्रमांक तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या कंपनीच्या असू शकतात. तिथे वेग एक पायरी खाली आणणं किंवा एकाच पाकिटातला जोड घेणं, हे दोनच उपाय भरवशाचे आहेत.

रॅम स्वच्छ निघाली, तरी क्रॅश

इथे अनेक जण अडकतात. प्रोसेसरचा दोष रॅमच्या दोषासारखाच दिसतो. सगळ्यांत ठळक उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश, फाइल अनझिप होताना चुका, आणि मेमटेस्ट मात्र स्वच्छ. मूळ कारण प्रोसेसरला मिळणारं जास्त व्होल्टेज आणि त्यातून होणारी झीज हे होतं. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढची झीज रोखली जाते, झालेली भरून येत नाही. तुमच्याकडे असा प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत करा, आणि तरीही क्रॅश होत असतील तर प्रोसेसर बदलून मागा. बायोस अपडेट करताना रॅम मूळ वेगावरच असू द्या.

इतरांसाठी प्राइम९५ हा ताण देऊन तपासणारा प्रोग्रॅम आहे. त्याची स्मॉल एफएफटी चाचणी मुख्यतः प्रोसेसरवर ताण देते आणि लार्ज एफएफटी मेमरी कंट्रोलर व रॅमवर. पहिलीच चाचणी कोसळली तर रॅमवरचा संशय बाजूला ठेवा. दोन्ही पार पडतात, पण गेम सुरू केल्यावरच मशीन बंद होते, तर ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय पाहा. विंडोजमधूनच रॅमवर ताण द्यायचा असेल तर टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी घ्या, लिनक्सवर स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट. मशीन तापलेली असतानाच येणाऱ्या चुका मेमटेस्टमध्ये निसटतात, कारण तिथे ग्राफिक्स कार्ड थंड असतं. डीडीआर५च्या स्टिकचं तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतं, ते चालू ठेवून पाहा.

वाढीव वेग परत लावायचा असेल तर

बायोस अद्ययावत करून एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा आणि पुन्हा रात्रभर तपासा. चुका आल्या तर टायमिंग (रॅमच्या प्रतिसादाचे आकडे) तशीच ठेवून वेग एक पायरी उतरवा, ६००० वरून ५६००, किंवा ३६०० वरून ३२००. कमांड रेट १टी असेल तर २टी करून पाहा. रोजच्या कामात हा फरक क्वचितच जाणवतो. व्होल्टेज वाढवण्याचा मार्ग मात्र जपून घ्या. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणारं व्होल्टेज) १.३च्या वर नेऊ नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने हीच मर्यादा घातली.

दोष गेला, पण मागे काय राहिलं?

रॅम सुधारली म्हणून बिघडलेल्या फाइल्स आपोआप सुधारत नाहीत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमचा ‘रिस्टोअर हेल्थ’ चालवा, मग सिस्टम फाइल चेकर, मग डिस्कसाठी चेकडिस्क. विंडोज दोष असतानाच्या काळात टाकली असेल, तर ती नव्याने टाकण्याची वेळ आत्ता आली आहे. झिप आणि इतर आर्काइव्ह ७-झिपच्या ‘टेस्ट’ पर्यायाने तपासा. स्वतःचे दस्तऐवज आणि फोटो जुन्या बॅकअपशी हॅशने ताडून पाहा. तारीख तीच पण हॅश वेगळा असेल, तर जुनी प्रत उघडून बघा आणि बहुधा तीच ठेवा.

स्टिक वॉरंटीत परत करताना जोड म्हणून घेतली असेल तर बहुतेक कंपन्या अख्खा जोडच मागतात. मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो सोबत द्या.

लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल आणि वॉरंटी संपली असेल, तरी एक वाट उरते. चुका ठरलेल्या पत्त्यांवरच येत असतील तर लिनक्सला मेममॅप किंवा बॅडरॅम पर्यायाने, आणि विंडोजला बीसीडीएडिटच्या बॅडमेमरीलिस्टने तो भाग वापरू नको असं सांगता येतं. हा उपाय तात्पुरता धरा आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण असा दोष पसरू शकतो.

नवी मशीन घेताय आणि त्यावर हिशेब, संशोधन किंवा फोटोंचा मोठा साठा राहणार असेल, तर ईसीसी (चुका ओळखून सुधारणाऱ्या) रॅमचा विचार जरूर करा. गूगलच्या सर्व्हरवरच्या त्याच अभ्यासात दरवर्षी ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका आढळल्या होत्या. डीडीआर५मधलं ‘ऑन-डाय ईसीसी’ पुरेसं आहे असा समज पसरलाय, पण ते चिपच्या आतल्याच चुका सुधारतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याचं संरक्षण नाही. खऱ्या ईसीसीसाठी स्टिक, प्रोसेसर आणि बोर्ड तिघांनीही साथ द्यावी लागते. लिनक्सवर रासडेमन हा नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम चालू ठेवला की सुधारलेल्या प्रत्येक चुकीची नोंद होते, आणि एकाच स्टिकचा आकडा वाढत चालला तर पहिला क्रॅश होण्याआधीच ती बदलता येते.